फाउंटन: विज्ञानपटाचा आशय साध्या टेक्स्ट फाइलमध्ये बांधताना

पटकथालेखनाच्या साधनांची परीक्षणं बहुतेक वेळा समास, फॉन्ट आणि पीडीएफ यांच्यापुढे सरकत नाहीत. इथे फाउंटन एकाच कसोटीवर तपासलं आहे: विज्ञानपट लिहिताना त्याच्या पोटातला आशय घडवायला, तो सीनमागून सीन टिकतोय का हे बघायला आणि कुठे भाषणबाजी झाली ते पकडायला हे साधन कितपत कामाला येतं. थोडक्यात निकाल असा: आशयाच्या कामासाठी उत्तम, देवनागरीत लिहिणाऱ्याला थोडी चिन्हं अंगवळणी पाडावी लागतील, आणि शूटिंगच्या आखणीसाठी अपुरं.

फाउंटन हे ॲप नव्हे, ती लिहिण्याची एक पद्धत आहे. पटकथाकार जॉन ऑगस्ट आणि दिग्दर्शक स्टू मॅशविट्झ यांनी आपापले वेगवेगळे प्रयोग एकत्र करून २०१२ साली ती लोकांपुढे आणली. फाइल साधी टेक्स्ट असते. सीनचं शीर्षक, पात्राचं नाव, संवाद हे सगळं रिकाम्या ओळींवरून आणि मोजक्या चिन्हांवरून ओळखलं जातं. ती फाइल कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते, आणि हायलँड, बीट, फेड इन अशा ॲपमध्ये नेली की पटकथेच्या रूपात मांडून मिळते. पद्धत वापरायला मोफत, सगळी चिन्हं तासाभरात पाठ होतात.

आता आशयाचं. विज्ञानपटाची थीम सहसा चुकीच्या जागी शोधली जाते. ‘तंत्रज्ञान आणि माणुसकी’ असं काहीतरी पहिल्या पानावर लिहून ठेवायचं आणि मग तिसऱ्या अंकात एखाद्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञाच्या तोंडी घालायचं, हा नेहमीचा मार्ग. समीक्षक डार्को सुविन यांनी विज्ञानकथेतल्या मध्यवर्ती नव्या गोष्टीला ‘नोव्हम’ म्हटलं. आपल्या जगात नसलेली, पण कथेच्या जगात तर्काने बसणारी एक गोष्ट. आशय त्या नव्या गोष्टीच्या नियमात असतो. नियम कोणाला काय किंमत मोजायला लावतो, हे दिसलं की प्रेक्षकाला थीम कळते. कोणी सांगावी लागत नाही. १९९७ च्या ‘गॅटका’त जनुकांवरून माणसाची लायकी ठरते, हा नियम. तो खरा कळतो कुठे, तर नायक रोज सकाळी अंग खरवडून काढतो आणि सुटलेली कातडी, केस जाळून टाकतो तिथे. एक सवय, एक भट्टी, आणि अख्खी समाजव्यवस्था समोर येते.

तेव्हा साधनाकडून अपेक्षा ही: नियम सतत डोळ्यांसमोर राहावा, आणि प्रत्येक सीनमध्ये किंमत कोण मोजतंय ते शोधता यावं. फाउंटनची चार चिन्हं या कामाला लागतात. ओळीच्या सुरुवातीला # दिलं की तो विभाग होतो. = दिलं की सीनचा सारांश. दुहेरी चौकटी कंसात, [[ ]], टीप. आणि /* ते */ यांच्यामध्ये जे येईल ते अडगळीत; ॲप त्याकडे ढुंकूनही बघत नाही. ही चारही मूळ व्यवस्थेत छापील पटकथेत उतरत नाहीत.

उदाहरणासाठी एक कल्पना घेऊ. झोप दुसऱ्याकडून झोपून घेता येते. आठ तास झोपेची गरज असलेला माणूस ते आठ तास दुसऱ्याच्या अंगावर टाकतो आणि स्वतः चोवीस तास जागा राहतो. फाइलच्या अगदी वर असं लिहायचं:

# नियम
= तासाला तास. देणारी स्वतःची ८ तास झोप घेते, वर गिऱ्हाइकाची ८. जागेपणी उरतात ८.
= दुसरं गिऱ्हाईक घेतलं तर ८ + ८ + ८ = २४. म्हणजे आयुष्यच उरत नाही.
= स्वप्नं झोपणाऱ्याला पडतात, पण गिऱ्हाइकाची.
= प्रश्न: जागेपण विकलं तर उरलेलं जगणं कोणाच्या मालकीचं?

हे टिपेत किंवा अडगळीत न लिहिता विभागात आणि सारांशात लिहायचं कारण साधं आहे. बहुतेक ॲप विभाग आणि सारांश बाजूच्या आराखड्यात दाखवतात. नियम रोज फाइल उघडल्यावर दिसतो. अडगळीत टाकलेला नियम महिन्याभरात विसरला जातो, आणि मग पन्नासाव्या सीनमध्ये नायिका बिनदिक्कत दोन गिऱ्हाइकं सांभाळताना दिसते.

शेवटची ओळ प्रश्नच असावी, विधान नको. ‘श्रीमंत गरिबांचा वेळ लुटतात’ असं लिहिलं की पुढचा प्रत्येक सीन त्या वाक्याचा पुरावा म्हणून उभा राहतो आणि पात्रं साक्षीदार होतात. प्रश्न असला की निदान दोन पात्रं त्याची दोन उत्तरं जगू शकतात. बाकी गणिताकडेही लक्ष द्यावं. आठ, सोळा, चोवीस या आकड्यांनीच कथेची चढण ठरवून टाकली: गिऱ्हाईक आणखी चार तास मागतं तेव्हा नायिकेचे आठचे चार होतात. आकडे पक्के नसतील तर संघर्ष लेखकाच्या मर्जीवर चालतो, आणि प्रेक्षकाला ते लगेच समजतं.

एका सीनमध्ये हे कसं दिसतं ते पाहा. रेवा ही झोप विकणारी नायिका.

.आत. रेवाचं घर – दुपार २

= रेवा उठते. मुलीचा दात पडून गेलेला.

[[किंमत – रेवा: सकाळ कायमची गेली.]]

पडद्यांना घडीसुद्धा पडलेली नाही. ते उघडलेच जात नाहीत. उशाशी कागदाची पुडी. रेवा उघडते. दुधाचा दात.

@रेवा
दुखलं?

@मुलगी
सकाळी दुखलं.

‘जागेपण’, ‘शोषण’, ‘काळ’ यांपैकी एकही शब्द इथे नाही. ‘सकाळी’ या एका शब्दावर सगळा भार आहे, कारण सकाळ या बाईच्या वाट्याला येतच नाही. टीप तेवढी लेखकासाठी. तिची रचना मात्र काटेकोर ठेवायची: आधी ठरलेला शब्द ‘किंमत’, मग पात्राचं नाव, मग दोन-चार शब्द. असं केलं की कुठल्याही एडिटरमध्ये ‘[[किंमत’ शोधून साठ सीनच्या पटकथेची अख्खी यादी मिनिटाभरात हाती येते. फाउंटनचं खरं मोल या शोधात आहे. इतर कुठल्या साधनात टिपा नसतात असं नाही, पण टीप जिथे लागू पडते तिथेच, मजकुराच्या रांगेत, साध्या अक्षरांत असणं वेगळं.

ती यादी वाचायची कशी? पहिल्यांदा मोकळे पट्टे बघायचे. २० ते ३५ या सीनमध्ये एकही ‘किंमत’ नसेल तर तिथे कथा पळापळीवर चालली आहे: पाठलाग, दरवाजे, पासवर्ड. मग नावं मोजायची. सगळ्या टिपा रेवाच्याच नावावर असतील तर चित्रपट एकतर्फी तक्रार झाला आहे. झोप विकत घेणाऱ्या निरंजनलाही काही मोजावं लागलं पाहिजे, आणि ते नियमातूनच आलं पाहिजे. तिसरा नियम बघा: स्वप्नं झोपणाऱ्याला पडतात. निरंजनचे वडील त्याला फक्त स्वप्नात दिसायचे. आता ते रेवाला दिसतात, आणि तो माणूस कोण हे तिला माहीत नाही. आता दोघांमध्ये एक सीन तयार आहे, आणि बाहेरून काही आणावं लागलेलं नाही. शेवटी, तीच किंमत तीनदा तशीच येत असेल तर दोन सीन काढायचे. वाढत गेली पाहिजे, किंवा दुसऱ्या कोणाकडे सरकली पाहिजे.

याच धर्तीवर [[वस्तू: ]] आणि [[आवाज: ]] अशा टिपा ठेवल्या तर कला-दिग्दर्शक आणि ध्वनीचं काम बघणाऱ्यांसाठी वेगळी यादी निघते. न उघडलेले पडदे, पुडी, झोपगृहातला एकसारखा श्वास. विज्ञानपटाचा आशय अर्धाअधिक सेटवर आणि साउंडट्रॅकवर वाहून न्यावा लागतो, आणि तिथपर्यंत तो लेखी पोचला नाही तर कला विभाग आपला नेहमीचा निळा प्रकाश आणि चकचकीत स्टील घेऊन येतो. त्यांचा दोष नाही. कागदावर दुसरं काही नव्हतं.

टिपांचा एक सापळा मात्र जपून. टीप अनेक ओळींची चालते, पण तिच्यात पूर्ण रिकामी ओळ आली की ती तिथेच तुटते. मध्ये मोकळी ओळ हवीच असेल तर त्या ओळीवर दोन स्पेस द्याव्या लागतात. आता होतं काय, की काही एडिटर फाइल सेव्ह करताना ओळीच्या शेवटचे स्पेस आपणहून पुसतात. दोन स्पेस गेले, ओळ खरोखर रिकामी झाली, टीप फुटली, आणि ‘इथे निरंजन फारच सज्जन वाटतो, बघ’ असली खाजगी कुजबुज निर्मात्याकडे गेलेल्या पीडीएफमध्ये ॲक्शन, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टींचं वर्णन, म्हणून छापली गेली. उपाय दोन: एडिटरमधली ती सोय बंद ठेवायची, किंवा टीप कायम एका ओळीत संपवायची. दुसरा बरा. एका ओळीत न मावणारी टीप म्हणजे बहुतेक वेळा न सुटलेला सीन असतो.

अडगळीच्या चिन्हाचा सर्वांत चांगला उपयोग म्हणजे भाषण तपासणं. ज्या संवादात पात्र आशय बोलून दाखवतंय असा संशय येतो, त्याच्या आधी /* आणि नंतर */ टाकायचं, पीडीएफ काढायची आणि पटकथा न वाचलेल्या माणसाला द्यायची. वाचून झाल्यावर त्याला एवढंच विचारायचं की गोष्ट कशाबद्दल आहे. उत्तर तरीही जवळपास तेच आलं तर तो संवाद गेलाच समजा. उत्तर आलं नाही तर संवाद परत आणण्याआधी मागच्या पाच सीनमधल्या ‘किंमत’ टिपा तपासायच्या. भोक सहसा तिथे असतं. खूण एकात एक घालू नये. ॲप पहिल्या */ लाच अडगळ संपली असं धरतं आणि उरलेला मजकूर छापून मोकळं होतं.

ही चाचणी कागदावर स्वस्तात होते, एडिटिंगच्या टेबलावर महागात. ‘ब्लेड रनर’ १९८२ साली थिएटरांत आला तेव्हा त्यात नायकाचं पार्श्वनिवेदन होतं आणि गोड शेवटही. १९९२ च्या दिग्दर्शकीय आवृत्तीत दोन्ही काढले, तरी माणूस आणि प्रतिमाणूस (माणसासारखा घडवलेला कृत्रिम जीव) यांच्यातल्या रेषेचा प्रश्न जागच्या जागी राहिला, उलट जास्त टोचू लागला. कारण तो प्रश्न प्रतिमाणसांना मिळालेल्या चार वर्षांच्या आयुष्याच्या नियमात होता. निवेदन त्यावर चिकटवलेलं होतं. नियमच ढिला असलेल्या चित्रपटातून निवेदन काढलं तर खाली काहीच सापडत नाही.

आता देवनागरी. इथे फाउंटन अडखळतं, आणि का ते समजून घेतलं तर बरीच डोकेदुखी वाचते. मूळ पद्धतीत पात्राचं नाव कॅपिटल अक्षरांवरून ओळखलं जातं: वर रिकामी ओळ, खाली लगेच संवाद, आणि नाव पूर्ण कॅपिटलमध्ये. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीतच. त्यामुळे ॲपनुसार दोन उलट गोंधळ होतात. एखादं ॲप फक्त रोमन कॅपिटल शोधतं. त्याला एकही पात्र सापडत नाही आणि सगळे संवाद ॲक्शनसारखे डावीकडे पसरतात. दुसरं ॲप ओळ कॅपिटल केल्यावर बदलते का एवढंच बघतं. देवनागरी ओळ बदलत नाही, म्हणून दोन ओळींचा कुठलाही ॲक्शन परिच्छेद त्याला पात्र आणि संवाद वाटतो. ‘पाऊस थांबलेला’ नावाचं पात्र ‘रस्त्यावर कोणी नाही’ असं म्हणताना दिसलं की समजावं काय झालं.

इलाज पद्धतीतच आहे. पात्राच्या नावाआधी @, कायम. सीनच्या शीर्षकाआधी एक पूर्णविराम, कारण आपोआप ओळखली जाणारी ‘इंट.’ (आत), ‘एक्स्ट.’ (बाहेर) ही रूपं रोमन लिपीतलीच धरलेली आहेत. ॲक्शनच्या परिच्छेदात ओळ तोडायची असेल तर पहिल्या ओळीआधी !. पूर्णविरामाच्या बाबतीत एक बारकावा: टिंब टिंब टिंब असं सुरू होणारं वाक्य शीर्षक समजलं जाऊ नये म्हणून एकाच टिंबानंतर लगेच अक्षर किंवा आकडा लागतो. देवनागरी अक्षराला ॲप अक्षर मानतं की नाही, हे एक पानी नमुना फाइल करून आधी बघून घ्यावं. ‘आत’, ‘बाहेर’, @ लावलेली दोन नावं, एक टीप, एक सारांश, एक अडगळ एवढं त्यात पुरे. नव्वद पानं लिहिल्यावर ॲप बदलण्यापेक्षा हे दहा मिनिटांचं काम बरं.

@ चा एक फायदा अनपेक्षित आहे. पात्राच्या नावाला स्वतःचं चिन्ह असल्यामुळे ‘@निरंजन’ शोधलं की त्याचे संवाद तेवढेच मोजता येतात. ॲक्शनमधला निरंजन त्यात येत नाही. आशय बोलून दाखवणारं पात्र बहुधा या मोजणीत उघडं पडतं.

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, हा रूढ हिशेब मात्र देवनागरीत विसरावा. तो १२ पॉइंटच्या कुरियरवर बेतलेला आहे, ज्यात प्रत्येक अक्षर सारखी जागा घेतं आणि इंचाला दहा अक्षरं बसतात. कुरियरमध्ये देवनागरी नाही, म्हणून संगणक दुसरा फॉन्ट उसना आणतो. जोडाक्षरांमुळे रुंदी बदलते, मात्रा-उकारांमुळे ओळ उंच होते. मॅक आणि विंडोजवर उसने फॉन्ट वेगळे, त्यामुळे तीच पटकथा दोन संगणकांवर वेगवेगळ्या पानांची निघू शकते. सगळ्यांनी एकच देवनागरी फॉन्ट वापरायचा आणि पाच-सहा वेगळ्या प्रकृतीचे सीन घड्याळ लावून मोठ्याने वाचायचे, ॲक्शनच्या जागी खरोखर थांबून. त्यातून पानाला किती सेकंद ते आपलं आपल्याला मिळतं. विज्ञानपटात हे आणखी गरजेचं, कारण नव्या जगात शिरताना प्रेक्षकाला बघायला वेळ द्यावा लागतो आणि तो वेळ शब्दांत मोजला जात नाही.

फायनल ड्राफ्टसारख्या पैसे मोजून घ्यायच्या सॉफ्टवेअरशी तुलना होणारच. तिथला बीट बोर्ड देखणा आहे: रंगीत कार्डं, मोकळा फळा, हवी तशी मांडणी. सहा-सात जण एकत्र बसून कथानक जुळवत असतील तर तो वापरावाच. पण थीमसाठी त्याची एक खोड आहे. ‘थीम’ लिहिलेलं एक कार्ड फळ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसतं, सगळे त्याकडे आदराने बघतात, आणि कोणत्याही सीनला त्याचा हात लागत नाही. फाउंटनमध्ये फळाच नाही, त्यामुळे ही पळवाट नाही. उलट बाजूने, चित्रं जोडायची सोय मूळ पद्धतीत नाही. यानाची रेखाटनं, रंगांचे नमुने, संदर्भाचे फोटो हे सगळं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून त्यांची नावं टिपेत लिहावी लागतात, आणि फाइलचं नाव बदललं की धागा तुटतो.

आवृत्त्या सांभाळायला साधी टेक्स्ट फाइल बेस्ट. गिटसारख्या, फाइलमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या व्यवस्थेत ठेवली तर तिसऱ्या ड्राफ्टमध्ये नेमकी कुठली ओळ बदलली ते दिसतं. नियम बदलला की हे फार कामी येतं. समजा तिसरा नियम काढून टाकला, स्वप्नांचा. मग ‘स्वप्न’ शोधा, ‘[[किंमत – निरंजन’ शोधा, आधार गेलेला प्रत्येक सीन समोर येईल. मात्र ‘स्वप्न’ टाइप करताना दोन लेखकांचे कीबोर्ड जोडाक्षरांमध्ये अदृश्य चिन्हं वेगळी टाकत असतील तर दिसायला सारखा शब्द शोधात सापडत नाही. नुक्ता असलेल्या अक्षरांचंही तसंच. त्यामुळे सगळ्या लेखकांनी एकच कीबोर्ड मांडणी वापरलेली बरी.

शूटिंगची तारीख जवळ आली की फाउंटन अपुरं पडतं. बदललेल्या ओळींपुढे खूण, बदलांच्या फेरीनुसार रंगीत पानं, पानांचे क्रमांक गोठवणं, यासाठी मूळ पद्धतीत चिन्हंच नाहीत. काही ॲप आपापली सोय देतात, पण ती दुसऱ्या ॲपमध्ये चालेल याची खात्री नाही. सीनचे क्रमांक तेवढे गोठवता येतात: शीर्षकाच्या शेवटी #१२# असं लिहायचं, मधे नवा सीन घुसला तर #१२अ#. इथेही देवनागरी आकडे सगळीकडे चालतीलच असं धरू नये, क्रमांक इंग्रजी आकड्यांत (1, 2, 3) ठेवलेले सुरक्षित. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना टिपा आणि सारांश सोबत जातात का, तेही त्याच एक पानी नमुना फाइलवर बघावं. जात नसतील तर नेण्याआधी ‘किंमत’, ‘वस्तू’ आणि ‘आवाज’ या तीन याद्या सीन क्रमांकासह वेगळ्या काढून घ्याव्यात, आणि मूळ फाउंटन फाइल जपून ठेवावी. एडिटिंगच्या वेळी कुठला सीन कापायचा यावर वाद सुरू झाला की ‘किंमत’ची यादी पुन्हा टेबलावर येते.